तीन बगळे आणि मार्सेलीकाकांचे फाटक

ज्या माणसाने वॉर्सा शहरातल्या ट्रामगाड्यांची वेळापत्रके आखण्यात आयुष्य घालवले, त्याला शेअर बाजाराचा तिटकारा असावा असे कोणालाही वाटेल. कारण तेथे काहीच वेळेवर येत नाही. लुदोमिर यांना मात्र निवृत्तीनंतर बाजार फार आवडू लागला होता. तेथे प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजूंनी भांडता येई, आणि भांडायला समोर दुसरा माणूस असलाच पाहिजे असेही नव्हते.

त्यांच्याजवळ शेअर होते ते एकाच कंपनीचे. ‘तीन बगळे’ नावाची ही कंपनी व्हिडिओ गेम प्रकाशित करी, आणि तिच्या ध्वनिविभागात त्यांची मुलगी याग्ना काम करी. याग्नाला नोकरी लागली त्याच आठवड्यात त्यांनी निव्वळ अभिमानापोटी ते शेअर घेतले. पुढे भाव चढत गेला आणि अभिमानाला लोक दूरदृष्टी म्हणू लागले. लुदोमिर यांनी लोकांची समजूत दुरुस्त केली नाही.

आता त्या दूरदृष्टीची परीक्षा आली होती. खालच्या मजल्यावरचे विधुर मार्सेलीकाका शहराच्या कडेची आपली बाग विकायला निघाले होते. बाग म्हणजे बागांच्या वसाहतीतला एक लहानसा तुकडा: लाकडी खोली, काचेचे रोपघर, चेरीची दोन झाडे, आणि उघडताना साऱ्या वसाहतीला वर्दी देणारे एक करकरीत लोखंडी फाटक. काकांचे गुडघे गेल्यापासून तिथले निम्मे वाफे लुदोमिर यांच्या पत्नी, बोझेनाबाई, करीत आल्या होत्या. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत टोमॅटोची झाडे वाढवून कंटाळलेल्या त्या बाईंना जगात त्या बागेखेरीज दुसरे काही नको होते. एक दंतवैद्य त्याच तुकड्यावर टपून बसला होता. “तुम्हांला आधी विचारतोय,” काका म्हणाले होते, “पण सोमवारी संध्याकाळपर्यंत सांगा. तो डॉक्टर फार मागे लागलाय.”

पैसे उभे राहायचे तर बगळे विकणे भाग होते. आणि बगळ्यांचा नवा खेळ, चार वर्षे गाजावाजा चाललेला ‘मिठाचा किल्ला’, गुरुवारी बाजारात येणार होता. आता विकावे आणि खेळ गाजावा, तर मेहुण्याचे टोमणे जन्मभर ऐकावे लागणार. न विकावे आणि खेळ आपटावा, तर बागही गेली आणि बगळेही.

मधला रविवार बोझेनाबाईंच्या नामदिनाचा, म्हणजे तिकडे वाढदिवसासारखाच साजरा होणारा, होता. त्यांचे बंधू सेवेरिन फुलांचा गुच्छ घेऊन नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी आले, कोट काढण्यापूर्वीच त्यांनी विषय काढला.

“भावोजी, विका. उद्याच विका. प्रीमियरच्या आधी चढतं, प्रीमियरला पडतं. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे हे.”

“जे लहान पोरालाही माहीत आहे,” लुदोमिर म्हणाले, “ते भावात आधीच धरलेलं असणार. मग पडेल कसं?”

“पडेल म्हणजे पडेल!”

“हा युक्तिवाद नव्हे. नीट पाहा. चार वर्षांत एक खेळ काढणारी कंपनी म्हणजे एकाच गाडीवर चालणारा ट्राममार्ग. गाडी बिघडली की मार्ग बंद. हे तिचं वैगुण्य. पण तिचे जुने खेळ अजून विकले जातात, डोक्यावर कर्ज नाही, आणि आगाऊ नोंदणी भरपूर आहे. हा तिचा आधार. राहता राहिला प्रश्न एवढाच, की खेळ चांगला आहे का.”

“आणि ते ज्या एका बाईला ठाऊक आहे ती आत्ता जेवायला येतेय,” सेवेरिन डोळे मिचकावून म्हणाले.

“तिला एक शब्द विचारायचा नाही!” लुदोमिर गरजले. “घरच्यांनाही काही सांगायची मनाई आहे तिला. नियम म्हणजे नियम.”

“मी कुठे विचारतोय? मी नुसता बघणार.”

दुर्दैव असे, की न विचारण्याचा नियम ज्यांनी घातला त्यांनाही पाहण्याचा मोह आवरला नाही. याग्ना चीज केक घेऊन आली. बोझेनाबाईंनी तिचे मुके घेतले. लुदोमिर यांनी केकच्या खोक्यावरचे दुकानाचे नाव वाचले. दरवर्षी मुलगी आईसाठी केक घरी भाजत असे. विकतचा आणला, म्हणजे वेळ नाही. वेळ नाही, म्हणजे खेळ अजून दुरुस्त होतो आहे. सेवेरिननी टेबलाखालून पायाने त्यांना खूण केली. तेवढ्यात याग्ना सूपचा दुसरा वाडगा मागून घेत म्हणाली, “पुढच्या आठवड्यात मी पोर्तुगालला चाललेय, आई. तिकीट काढलं.” लुदोमिर यांचा जीव भांड्यात पडला. सुट्टी मिळाली, म्हणजे काम संपले! पण पिएरोग्यांची, त्या सारण भरून उकडलेल्या करंज्यांची, तिसरी वाढणी घेताना तिला जांभई आली आणि सारे अनुमान पुन्हा कोसळले.

“झोप कमी होतेय का गं?” सेवेरिन मामांनी मधाळ आवाजात विचारले.

“होतेय थोडी.”

“कामामुळे?”

“वरच्या मजल्यावरच्या बाळामुळे.”

“बाळ! हं. आणि पोर्तुगालचं तिकीट परत करता येण्यासारखं काढलंस, की न येण्यासारखं?”

याग्नाने काटा खाली ठेवला. तिने मामांकडे पाहिले, मग वडिलांकडे. वडील त्या क्षणी तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे तपासत होते.

“बाबा, तुम्हीसुद्धा?”

लुदोमिर यांनी मीठदाणीत लक्ष घातले.

“मला वाटलं तुम्ही मला बघताय. तुम्ही भाव बघताय! मी केक विकत आणला कारण माझा ओव्हन बिघडलाय. मी तीन वेळा वाढून घेतलं कारण आईचे पिएरोगी चांगले झालेत. उद्या तुम्ही शेअर विकलेत आणि गुरुवारी भाव पडला, तर लोक काय म्हणतील? याग्नानं घरी सांगितलं. कोणाला पटेल की बाबांनी माझ्या जांभईवरून विकले?”

सेवेरिननी केकचा तुकडा तोंडात घालून आपली सुटका करून घेतली. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि प्रिमरोझच्या फुलांची कुंडी छातीशी धरून मार्सेलीकाका आत आले. त्यांनी बोझेनाबाईंच्या हाताचे चुंबन घेतले, शंभर वर्षे जगा म्हणाले, आणि खुर्चीवर टेकता टेकता विषयाला हात घातला.

“मग, लुदोमिर, उद्या विकताय ना बगळे?”

“का हो?”

“का म्हणजे? बागेचे पैसे आले की मी तेच घेणार आहे. पण तुमची मुलगी तिथे. तुम्ही विकलेत तर मी कशाला घेऊ? आणि मग बाग तरी कशाला विकू? तुम्ही ठेवलेत तर मात्र डोळे मिटून घेईन. सगळा जिना तुमच्याकडेच बघतोय. तळमजल्यावरची ती शिंपीणबाईसुद्धा.”

लुदोमिर सुन्न झाले. ते मुलीचा चेहरा वाचत होते, आणि अख्खी इमारत त्यांचा चेहरा वाचत होती. ते विकतील तर ती बातमी ठरणार; न विकतील तर तीही बातमीच; आणि दोन्ही बातम्यांखाली सही मात्र याग्नाची पडणार. वादात हरण्याची त्यांना सवय नव्हती, पण हा वाद ते स्वतःशीच हरले.

“उद्या मी काही विकत नाही,” ते उभे राहून म्हणाले. “खेळ बाहेर येईल, जे याग्नाला ठाऊक आहे ते साऱ्या जगाला ठाऊक होईल, त्यानंतर बघू. मार्सेली, बाग तुम्ही डॉक्टरांना द्या.”

बोझेनाबाई सूपचे भांडे उचलून स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. त्या दारात थांबल्या.

“म्हणजे माझी बाग गेली.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे, बोझेना.”

“मग तुमचं तत्त्व त्या कुंडीत लावा,” त्या शांतपणे म्हणाल्या, “आणि बघा टोमॅटो येतात का.”

पण जाताना त्यांनी याग्नाच्या डोक्यावरून हात फिरवला, हे लुदोमिर यांनी पाहिले.

मार्सेलीकाकांना तर आनंद आवरेना. “ठेवतोय! म्हणजे खेळ चांगलाय!”

“अहो, मला काहीही माहीत नाही!”

“माहीत नसलेला माणूस इतक्या जोरात सांगत नाही,” असे म्हणून काका खाली गेले. शनिवारी डॉक्टरांशी सौदा पक्का करायचे त्यांनी ठरवले.

गुरुवार उजाडला. ‘मिठाचा किल्ला’ बाहेर आला. परीक्षकांनी त्याची स्तुती केली, लोकांनी तो भराभर विकत घेतला, आणि बगळे धपकन खाली आले. खेळ चांगला होता, पण अपेक्षा त्याहूनही चांगल्या होत्या, आणि भाव अपेक्षांचा होता. सेवेरिननी स्वतःजवळचे थोडे बगळे सोमवारी विकले होते, बुधवारी धीर सुटून पुन्हा घेतले होते, आणि आता ते फोनवर “मी म्हटलं नव्हतं का?” एवढेच म्हणत होते, आपण काय म्हटले होते हे ते सांगत नव्हते.

शनिवारी सकाळी मार्सेलीकाका जिना चढून आले, आणि त्यांच्या गुडघ्यांच्या मानाने ते फारच वेगाने आले.

“फसवलंत मला! बरं झालं अजून घेतले नव्हते!”

“मी फसवलं? मी ओरडून सांगत होतो की मला माहीत नाही!”

“तेच तर! इतकं ओरडलात म्हणूनच विश्वास बसला ना!”

“काका,” खोलीच्या कोपऱ्यातून याग्ना म्हणाली. पोर्तुगालला निघण्यापूर्वी ती आईवडिलांच्या टीव्हीला खेळाचे यंत्र जोडून देत होती. “तुम्ही खेळ पाहिलात का?”

“मी कशाला पाहू?”

“आणि बाबा, तुम्ही?”

लुदोमिर ओशाळले. गेली कित्येक वर्षे त्यांनी या कंपनीचा एकूण एक अहवाल वाचला होता. तिचा एकही खेळ पाहिला नव्हता.

“बसा दोघेही,” याग्नाने फर्मावले.

ते बसले. पडद्यावर धुके होते, टेकडी होती, आणि टेकडीवर मिठाच्या दगडांचा पांढराशुभ्र किल्ला होता. याग्नाने वडिलांच्या हाती बटणांचा ठोकळा दिला. लुदोमिर यांचा योद्धा दोनदा खंदकात पडला, एकदा त्याने विनाकारण गाईला सलाम केला, आणि शेवटी तो किल्ल्याच्या महाद्वाराशी जाऊन उभा राहिला. द्वार हलले. आधी एक बारीक कण्हणे, मग लांबलचक करकर, आणि शेवटी एक ठसका.

मार्सेलीकाका ताठ झाले.

“हे माझं फाटक आहे.”

“तुमचंच,” याग्ना हसली. “मी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन बागेत आले होते, आठवतं? तुम्हांला म्हटलं होतं, काका, मला सांगितल्याशिवाय याला तेल घालू नका.”

“मला वाटलं चेष्टा करतेस. पण घातलं नाही हं. माझी हेला होती तेव्हाही नव्हतं घातलं. हा आवाज झाला की ती आतून ओरडायची, पाय पुसून या.” काकांनी नाक पुसले. “परत उघडा बघू.”

लुदोमिर यांनी परत उघडले. बोझेनाबाई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या आणि दारातच थबकल्या. फाटक त्यांनीही ओळखले.

“हे आता जपानपासून चिलीपर्यंत सगळे उघडतायत,” याग्ना म्हणाली.

“आणि बंद कोण करतं?” काकांनी काळजीने विचारले. “बघा, कोणीच करत नाही! ससे शिरतील.”

अखेर त्यांनी खिशातून फोन काढला आणि दंतवैद्याला लावला. “डॉक्टर, तुम्ही म्हणाला होतात, पहिलं काम म्हणजे ते भंगार फाटक काढून टाकायचं. बरोबर ना? … हं. मग नाही विकत. … नाही, दात ठीक आहेत माझे.”

खेळ साऱ्या जगासमोर होता, गुपित उरले नव्हते, म्हणून लुदोमिर यांनी पुढच्या आठवड्यात निर्धास्तपणे बगळे विकले. रक्कम अर्थातच कमी भरली. मार्सेलीकाकांनी त्यावर तोडगा काढला: बाग बोझेनाबाईंची, फाटक मात्र काकांचे, किंमत तेवढी कमी. आणि बागेचे पैसे हाती पडताच त्यांनी बगळे घेतले.

“अहो, विचार करा,” लुदोमिर यांनी त्यांना जिन्यात गाठून सांगितले. “पुढचा खेळ यायला चार वर्षं आहेत. तोवर नुसत्या जुन्या विक्रीवर कंपनी—”

“ज्या कंपनीला कोणतं फाटक घ्यावं हे कळतं,” काका म्हणाले, “तिला बाकीचंही कळत असणार.”

या युक्तिवादातला दोष लुदोमिर यांना स्पष्ट दिसत होता. पण तो कसा दाखवावा हे, आयुष्यात बहुधा प्रथमच, त्यांना सुचेना.

उन्हाळ्यात याग्ना बागेत आली तेव्हा रोपघर टोमॅटोंनी भरले होते, आणि बोझेनाबाई नवऱ्याकडून तत्त्वांना नव्हे, तर वाफ्यांना पाणी घालून घेत होत्या. फाटक करकरले आणि पाठोपाठ काका आले. पाय पुसून ते टेबलाशी बसले, आणि याग्नाच्या ताटावरून त्यांची नजर हटेना.

“एकच तुकडा केक?” त्यांनी हळूच विचारले. “बरं वाटत नाही का, पोरी? ऑफिसात सगळं ठीक ना? म्हणजे, काही सांगू नकोस हं! मी आपलं सहज.”

लुदोमिर यांनी पाण्याची झारी खाली ठेवली आणि आभाळाकडे पाहिले.

याग्नाने एक सुस्कारा सोडला, केकचा दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा, आणि काकांच्या डोळ्याला डोळा भिडवून तो संपवला.

“आता?”

“आता,” मार्सेलीकाका खुर्चीत मागे रेलत म्हणाले, “चार वर्षं मी निवांत.”