आभाराची बाटली

नवरा, ओपोकू, जिवंत होता तोवर ओढ्यापलीकडची कोकोची बाग कुणाची, हे सेर्वाला कुणी विचारलं नाही. पोर पाठीला बांधून तिनंच ती लावली होती. पहिलं पीक आलं तेव्हा ओपोकू म्हणाला होता, "ही बाग तुझी." ती हसली आणि कामाला लागली.

इथंच चुकलं. आमच्याकडे नुसतं 'दिली' म्हणून जमीन दिली जात नाही. घेणाऱ्यानं साक्षीदारांसमोर आभार म्हणून जिन दारूची बाटली ठेवायची, त्यांनी घोट घोट घ्यायचा, मग ते देणं पक्कं. सेर्वानं तेव्हा बाटलीचं नाव काढलंही होतं. ओपोकू खो-खो हसला होता. "नवऱ्याचे कुणी आभार मानतं का? गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस!"

आता ओपोकू मातीत गेला, आणि मामाचं सगळं भाच्याला, ही आमची रीत. चाळिसाव्या दिवशी त्याच्या कुळाची बैठक बसली. भाचा बोआके सगळ्यांत पुढे बसला होता.

"मामी, मामा बोलायचा फार," तो म्हणाला. "मला तर ट्रक घेऊन देणार होता. कुठाय ट्रक?"

लोक हसले. सेर्वाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुळाचे प्रमुख नाना ग्यामेरा यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "सेर्वा, बाटली ठेवली होतीस का? कोण प्यायलं? कोर्टात गेलीस तरी हेच विचारतील."

खोटं बोलावं तर साक्षीदार कुठून आणायचा? खरं बोलावं तर बाग गेली, आणि बागेशिवाय तिच्याजवळ होतं काय!

"मी प्यायले," कोपऱ्यातून आवाज आला.

ती डुफी होती. ओपोकूची थोरली बहीण, बोआकेची सख्खी आई. चर्चला जाणारी, जन्मात दारूला न शिवलेली, पिणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा न घेणारी डुफी.

"आई!" बोआके ताडकन उठला. "तू? आणि दारू?"

"भावानं मान दिला, मी घोट घेतला. घसा जळला. आता तुझी परवानगी काढू?"

या वेळी कुणी हसलं नाही. डुफीचा नवरा गेला तेव्हा त्याच्या भाच्यानं तिलाही असंच बाहेर काढलं होतं. एक चटई आणि एक पातेलं घेऊन ती माहेरी आली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"खुद्द बहीण सांगते आहे," नाना म्हणाले. "बाग सेर्वाची."

दिवस कलताना सेर्वा बाटली घेऊन डुफीच्या घरी गेली. बोआकेची खुंटी रिकामी होती. आईशी एक शब्द न बोलता तो कपडे गुंडाळून निघून गेला होता. ते पाहून सेर्वा दारातच थबकली.

"वन्सं, तुम्ही कशाला हो..."

"बस. ओत."

"अहो, तुम्ही पीत नाही."

"चारचौघांत प्यायले म्हणाले ना? मग ते खोटं कशाला ठेवू?"

डुफीनं डोळे मिटून घोट घेतला. जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. ठसका थांबला, पाणी थांबेना. सेर्वा तिची पाठ चोळत राहिली.

मग डुफीनं दुसरा पेला पुढे सरकवला. "यातही ओत. हा बोआकेच्या वाटचा."

तो पेला तिनं उंबऱ्याशी ठेवला, आणि दार उघडंच राहू दिलं.