तिसऱ्या मजल्यावर गुण येतो

रांग चपलांच्या दुकानापासून सुरू होत होती, झेरॉक्सवाल्याला वळसा घालून जिन्यात शिरत होती आणि तीन मजले चढून गुंजनगुरूंच्या दाराशी पोचत होती. इमारतीला लिफ्ट होती. पण तिला कुलूप होतं आणि कुलपाच्या वर पाटी होती : 'पायांनी या, गुण घेऊन जा.'

वरून अधूनमधून आरोळी यायची, "बत्तीसने उतरला!" लगेच घंटा वाजायची आणि ताटकळलेली माणसं आपापल्या पायरीवर माना डोलवायची. उतरायचा तो रक्तदाब. उतरवायचे ते गुंजनगुरू, तोंड मिटून नाकातून काढलेल्या एका लांबलचक सुराने.

"रक्त म्हणजे काय?" गुरू माईकवरून विचारत होते. "वाहतं संगीत! गोळी रक्ताला दाबते, गुंजन रक्ताला समजावतं. दाबलेलं पुन्हा उसळतं, समजावलेलं शहाणं होतं. आणि हे आम्ही नाही सांगत हो. सायन्स सांगतं!"

सायन्स जिन्याच्या तोंडाशी चौकटीत टांगलेलं होतं. शोधनिबंधाचं पहिलं पान, माणसाच्या उंचीएवढं मोठं केलेलं, कोपऱ्यात लेखकाचा फोटो. फोटोतला गृहस्थ गंभीर आणि विद्वान दिसत होता. प्रत्यक्षातला गृहस्थ त्या क्षणी कोपरं मारत रांगेतून वर घुसत होता, त्याच्या शर्टाचं बटण भलत्याच काजात होतं आणि लोक त्याच्यावर खेकसत होते.

"ओ काका, आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत?"

"अहो गप्प बसा, हे फोटोतले डॉक्टर!"

खेकसणं थांबून नमस्कार सुरू झाले. एका आजोबांनी त्यांचा हातच धरला. "डॉक्टर, तुमच्यामुळे विश्वास बसला हो. नाहीतर असल्या बुवाबाजीच्या वाऱ्यालाही आम्ही उभे राहत नाही."

जिना दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं डॉक्टरांना झालं.

कारण या शहरात त्यांना 'भोंदूमार डॉक्टर' म्हणत. वैद्यकीय महाविद्यालयात ते शरीराचं कामकाज शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी बुवा-बाबांचं पितळ उघडं पाडत. हवेतून राख काढणारे, पाण्यावर दिवे लावणारे, सगळ्यांना त्यांनी उताणं पाडलं होतं. गुंजनगुरूंनाही त्यांनी असंच आव्हान दिलं होतं : या आमच्या प्रयोगशाळेत, होऊन जाऊ दे.

"येतो की," गुरू म्हणाले होते. "फक्त खोली वरच्या मजल्यावरची द्या. गुंजन वर चढतं."

डॉक्टर पोट धरून हसले आणि त्यांनी तिसऱ्या मजल्यावरची खोली दिली. प्रयोग त्यांनी चोख बांधला. यंत्रं तपासली, गुरूंचे खिसे तपासले. कुणाला गुंजन द्यायचं आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. गुंजनवाले वर गेले. बिनगुंजनवाल्यांसाठी वर दुसरी खोली नव्हती, म्हणून त्यांची सोय तळमजल्यावर, बाकांवर केली. दोघांचा रक्तदाब आधी मोजला, नंतर मोजला. वरच्यांचा धाडकन उतरला. खालच्यांचा जागचा हलला नाही.

दुसऱ्या एखाद्याने तो निकाल कपाटात कोंबला असता. डॉक्टरांनी छापायला पाठवला. आपल्या मताविरुद्ध गेलेला पुरावा जगासमोर ठेवणारा माणूस म्हणून त्यांना स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की त्या दिवसांत दाढी करायला त्यांना दुप्पट वेळ लागे. नियतकालिकाने तो तज्ज्ञांकडे तपासायला दिला. एका तज्ज्ञाने स्वल्पविराम सुधारले. दुसऱ्याने सुचवलं की, निबंधात त्याच्या स्वतःच्या निबंधांचा उल्लेख असता तर बरं झालं असतं. तिसऱ्याने 'धाडसी' एवढंच लिहिलं. मग निबंध छापून आला. गुरूंनी महिन्याभरात हा हॉल भाड्याने घेतला. तोही तिसऱ्या मजल्यावर.

आणि आज सकाळी भाचीचा फोन आला होता.

"मामा, आईची जीभ अडखळली मगाशी. चमच्याला चमचा म्हणता येईना. हातातून कपही सुटला. थोड्या वेळाने सगळं ठीक झालं."

"गोळ्या घेते ना ती?"

"महिना झाला बंद करून. म्हणे, छोट्याने लिहिलंय, गुंजनाने उतरतो. आत्ताही तिकडेच गेलीय, रिक्षाने. मी अडवलं तर म्हणाली, माझ्या भावापेक्षा तुला जास्त कळतं का?"

सकाळी अडखळलेली जीभ संध्याकाळी कायमची बसू शकते, हे डॉक्टर दरवर्षी मुलांना शिकवत. भाचीला त्यांनी गाडी घेऊन यायला सांगितलं, रुग्णालयात फोन केला आणि शर्ट अंगात चढवत बाहेर पडले.

ताई वरच्या दारापाशीच सापडली. शाळेत तिने आयुष्यभर खेळ शिकवले होते. निवृत्त झाली तरी आवाज मैदानावरचाच होता. आत्ता ती निळ्या जाकिटातल्या एका मुलीशी भांडत होती.

"थांब की गं जरा! दम तर खाऊ दे."

"नाही आजी, नियम आहे. पायरी संपली की लगेच मोजायचं. उभ्यानेच. हात खाली सोडा. नाव सांगा. कुठून आलात? घरी कोण कोण असतं? गोळी कुठली घेत होता?"

"अगं, शर्यत धावून आलेल्या पोराची नाडी मी कधी लगेच मोजली नाही. ती त्या पोराची नसते, शर्यतीची असते. आणि बोलायला कशाला लावतेस मला?"

डॉक्टर जागच्या जागी उभे राहिले. त्यांनाही धाप लागली होती. त्यांनी स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं आणि मग वळून खाली, जिन्याकडे पाहिलं.

प्रयोगातले वरचे लोक जिना चढून आले होते. खालचे बाकावर बसून होते. वरच्यांचं पहिलं माप धापेचं होतं आणि दुसरं विश्रांतीचं. खालच्यांची दोन्ही विश्रांतीची. निबंधात त्यांनी लिहिलं होतं, 'सर्व मोजमापं एकाच इमारतीत केली.' वाक्य अगदी खरं होतं. कागदाला जिना नसतो, त्यामुळे तो तज्ज्ञांना दिसला नाही. पण डॉक्टर तर तो रोज चढत होते. गुरूंचे खिसे त्यांनी उलटेपालटे केले होते आणि गुरूंनी जादू ठेवली होती महाविद्यालयाच्याच पायऱ्यांमध्ये.

"ताई, चल. आधी रुग्णालय."

"अरे छोट्या, तू? बरा आलास. हिला सांग, मोजायचं कसं ते."

"सकाळी तुझी जीभ अडखळली ना? तो झटक्याचा इशारा आहे. गाडी येतेय. चल."

"बसते ना आत थोडा वेळ. उतरेल. तूच तर लिहिलंयस."

"चुकीचं लिहिलंय."

ताईने चष्म्यावरून पाहिलं. "छापून आलंय ते. चौकटीत लावलंय. आणि आता चुकीचं? घाबरवतोयस मला. सिद्ध कर, मग येते."

खाली चौकात कोंडी होती. भाचीचा निरोप आला, पोचतेच आहे. तेवढा वेळ हातात होता.

"हिचा पट्टा काढू नकोस," डॉक्टर त्या मुलीला म्हणाले. "आकडा किती?"

"आकडा सांगायचा नसतो, सर. नंतर फरक सांगतो आम्ही."

डॉक्टरांनी यंत्र स्वतःकडे वळवलं. दोनशे दहा. त्यांनी ताईला हॉलमध्ये नेलंच नाही. बाहेरच्या मोकळ्या गच्चीवर, आवाजापासून लांब, खुर्चीत पाठ टेकवून बसवलं. पाय जमिनीला, हात टेबलावर, तोंड बंद. शेवटची अट सगळ्यांत अवघड होती. ती मोडू नये म्हणून डॉक्टरांनी स्वतः तिच्यासमोर बोट उंचावून पहारा दिला. कुतूहलाने लोक जमले. फोटोतले डॉक्टर नवीन संशोधन करतायत, अशी बातमी जिन्याने खाली गेली.

गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी पुन्हा मोजलं. एकशे चौऱ्याऐंशी.

"सव्वीसने उतरला!" निळ्या जाकिटातली मुलगी सवयीने ओरडली आणि घंटा वाजवून मोकळी झाली. गच्चीवर कौतुकाची कुजबुज उठली.

"कशाने उतरला?" डॉक्टरांनी विचारलं. "गुंजन ऐकलंस, ताई?"

"कसलं गुंजन? इथे फक्त तुझी धाप ऐकू येत होती."

तेवढ्यात गुरू बाहेर आले. "आमचे शास्त्रज्ञ!" त्यांनी हात पसरले. "गुंजन भिंतीतून जातं, डॉक्टर. गच्चीवरही पोचतं."

"मग खालच्या चपलांच्या दुकानदाराचाही उतरला असेल."

"माझा?" गर्दीतून आवाज आला. दुकानदार स्वतः तमाशा बघायला वर आला होता. "माझा काय उतरतो! इतके महिने तुमच्या खालीच बसतोय. दोन गोळ्यांच्या तीन झाल्या."

हशा पिकला. गुरूंनी माईक शोधला, पण तो आत राहिला होता.

"ऐका," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला जिना चढवतात, धापा टाकताना उभ्याने मोजतात, शिवाय बोलतं ठेवतात. मग आत शांत बसवतात आणि पुन्हा मोजतात. नुसतं बसल्याने जे उतरतं, त्यावर घंटा वाजते. माझी बहीण सव्वीसने उतरली. आत असती तर गुण आला म्हणून घरी गेली असती. एकशे चौऱ्याऐंशी घेऊन! गोळीशिवाय! सकाळी तिची जीभ वळत नव्हती. तुम्हाला फरक सांगतात, आकडा सांगत नाहीत. विचारा आकडा!"

"पण खालचा कागद?" मघाचे आजोबा म्हणाले. "सायन्स?"

"तो कागद लिहिणारं गाढव मी आहे," डॉक्टर म्हणाले. "ज्यांना गुंजन दिलं त्यांना जिना चढवला, आणि ज्यांना नाही दिलं त्यांना खाली बसवून ठेवलं. मग म्हणालो, बघा, गुंजनाने फरक पडला! असल्या चुकीबद्दल मी पहिल्या वर्षाच्या पोरांना नापास करतो. गोळ्या ज्यांनी सोडल्या असतील, त्यांनी आजच आपल्या डॉक्टरकडे जा."

"गोळीवाल्या कंपनीने पैसे चारले असतील," कुणीतरी मागून म्हणालं. दोन-चार माना डोलल्याही. डॉक्टरांना ते झोंबलं. कारण कालपर्यंत गुंजनावर शंका घेणाऱ्यांबद्दल ते स्वतः जवळपास हेच म्हणत होते.

ताई उठली. उठताना तिचा तोल किंचित गेला, आणि तिने भावाचा दंड धरला. "चल रे," ती हळूच म्हणाली. "उगाच भाषण लांबवू नकोस."

लिफ्टचं कुलूप दुकानदाराने उघडायला लावलं.

रुग्णालयात वेळेवर पोचल्याने ताई सावरली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी नियतकालिकाला कळवलं की, निबंध मागे घ्या. संपादकांचं उत्तर आलं : नक्की ना? यंदाचा आमचा सर्वाधिक वाचला गेलेला लेख आहे तो. शेवटी मागे घेतल्याची सूचना छापली गेली. ती फार कुणी वाचली नाही. गुरूंनी मात्र वाचली आणि चौकटीखाली नवी ओळ लिहून घेतली : 'हे संशोधन दडपलं जात आहे!'

म्हणून आता सुट्टीच्या दिवशी डॉक्टर चपलांच्या दुकानात एक बाक टाकून बसतात. दुकानदार जागा देतो. वर निघालेल्याला ताई हटकते, "कुठे निघालात? बसा. बोलू नका." बसवून मग माप घेतात, आकडा सांगतात आणि वर जायचं तर खुशाल जा म्हणतात. बरेच जण जातात. काही जण आकडा हातात घेऊन थबकतात.

परवा असाच एक तरुण थबकला. "काका, मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? बाबा खोटा, म्हणून सायन्सकडे आलो. सायन्स तुम्ही लिहिलं, तेही खोटं."

डॉक्टरांनी बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.

"चूक झाली, तशी ती सापडलीही," ते म्हणाले. "सापडली, कारण कुणीतरी विचारलं, असं का मोजता? तेवढं विचारायची सवय सोडू नका. 'संशोधनाने सिद्ध' असं कुणी म्हणालं, की विचारा : कशाशी ताडून पाहिलं? आणि ज्यांच्याशी ताडलं, ते त्या वेळी कुठे बसले होते? बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा. छापून आलंय म्हणून मान खाली घालू नका. आणि मी छापलं असेल, तर दोनदा विचारा."