दाजींचा शुक्र घसरला

आमचे दाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आरसे बसवायचे. त्यांनी पुसलेल्या आरशासमोर एकदा एक गिऱ्हाईक उभं राहिलं, समोरच्याला ‘या, बसा’ म्हणालं आणि तो बसेना म्हणून तणतणत निघून गेलं. खोटं वाटत असेल तर विचारा त्यांना. मला तर ते दोघंही भेटलेत.

असे हे दाजी एका सलूनमध्ये शिडीवरून पडले. आरशाला ओरखडा नाही, मांडीचं हाड मात्र मोडलं. यथावकाश हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, “आता उभे राहा. नाहीतर पाय उभं राहणं विसरतील.” पण दाजी त्याचं नाव काढेनात. बहिणीने हात पुढे केला की यांच्या कपाळावर घाम. “उद्या बघू.” वॉकर पलंगाशेजारी उभा, त्यावर टॉवेल वाळायचे. जन्म शिडीवर काढलेला माणूस जमिनीला भ्यायला लागला होता. बहीण स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची आणि कांद्यावर ढकलायची. कांदे संपले तरी डोळे पुसणं चालूच.

पलंगाचं डोकं गॅलरीच्या दाराकडे होतं. पडल्या पडल्या छत किती बघणार? दाजींनी समोरच्या भिंतीवर आरसा टेकवून घेतला, वरून दोरीने जरा पुढे झुकवलेला. झालं! पाठीमागचं पश्चिमेचं आकाश पायाशी आलं. दिवे लागायच्या सुमाराला त्यात शुक्र दिसायचा, ठसठशीत. एखाद्या संध्याकाळी उपग्रहही यायचा. बहिणीच्या फोनवर त्याची वेळ कळायची. न लुकलुकता सरळ चढत जाणारा ठिपका. पण दाराची चौकट आली की आरशातून गायब.

“पुढे कुठे जातो हो, मेव्हणे?”

“जेवायला,” मी म्हणायचो.

दाजी हसायचे नाहीत. त्यांना खरंच बघायचं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला. दुपारी सायकलचं दुकान बंद असलं की मी तिकडेच असायचो. दाजींचा डोळा लागलेला बघून मी आरसा बोटभर मागे रेटला आणि दोरी आवळली. संध्याकाळी शुक्र आरशाच्या खालच्या कडेला टेकला.

“हा खाली कसा आला?”

“ग्रह आहे तो, दाजी. फिरणारच. त्यातून वजन वाढलंय त्याचं.”

दाजींनी उशीवरून मान उचलली तेव्हा शुक्र पुन्हा वर आला. दुसऱ्या दिवशी मी आणखी बोटभर रेटलं. दाजी कोपरावर आले. मग उठून बसले. बहीण दारातून बघत होती. मग आत जाऊन तिने कणीक जरा जोरात मळली.

पण पुढे हिशेब चुकायला लागला. मी बोटभर रेटावं आणि शुक्र चार बोटं घसरावा! मीच चक्रावलो. वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच माझी थाप खरी ठरतेय की काय.

त्या संध्याकाळी उपग्रह यायचा होता. दाजी ताठ बसले, तरी आरशात नुसतं छत.

“मेव्हणे, शुक्र गेला!”

“असं कसं होईल?” मी म्हणालो.

“जाईल कुठे? आरसाच हललाय!” म्हणाले आणि टॉवेल भिरकावून वॉकर धरला. बहिणीने तोंडावर हात ठेवला. एक पाऊल. थांबले. घाम आला. मी पुढे झालो तर खेकसले, “लांब!” आणखी एक पाऊल. आरशापाशी पोचले, काचेवर तिरकी नजर टाकली आणि त्यांच्यातला कारागीर खवळला.

“काच कडेने धरायची असते, कितीदा सांगितलं! हा काळा अंगठा कोणाचा? सायकलींना तेल घालणारा या घरात एकच. आणि ही पिठाची बोटं?”

मी बहिणीकडे बघितलं.

“तूसुद्धा?”

“मला काय माहीत, दादा, तू आधीच रेटलायस!”

“दोघं मिळून आजाऱ्याचं आकाश पळवता? लाज नाही वाटत?” दाजींनी आमची अशी काही खरडपट्टी काढली की बोलताना वॉकर कधी सुटला आणि हात भिंतीवर कधी गेला, त्यांनाही कळलं नाही. आम्ही शिव्या खात उभे होतो. इतक्या गोड शिव्या मी पुन्हा खाल्ल्या नाहीत.

एवढ्यात फोन वाजला.

“अहो, आला!” बहीण गॅलरीकडे धावली.

दाजींनी सवयीने आरशात बघितलं. छत. मग वळले, वॉकर ओढला आणि टकटक करत गॅलरीत आले. शुक्र होता तिथेच होता, बिचारा. त्याच्या शेजारून ठिपका निघाला, कठड्यावर चढला, चौकटीच्या उंचीला आला, ती ओलांडून पुढे गेला. दाजींची मान मागे मागे. थेट डोक्यावर येऊन तो मंद होत विझला.

“कुठे गेला?”

“पृथ्वीच्या सावलीत,” बहीण डोळे पुसत म्हणाली. आज कांदा नव्हता. “बसा आता. खुर्ची आणते.”

“थांब गं. पलीकडून निघतो का बघू.”

“अहो, चक्कर मारून यायला दीड तास लागतो त्याला.”

दाजींनी विचार केला.

“दीड तास? मग आण खुर्ची. आणि मेव्हणे, तेवढ्यात ती काच पुसा. कडेने धरून.”