मुखियाच्या खिळ्यालाही रक्त आलं

मायोंबेच्या जंगलातल्या त्या गावात सकाळपासून कुणी शेताकडे फिरकलं नव्हतं. मांत्रिक म्पासीच्या लाकडी मूर्तीला खिळा ठोकला की रक्त येतं, हे पाहायला आजूबाजूची चार गावं लोटली होती आणि भाजलेले शेंगदाणे विकणाऱ्या बायांची चांदी झाली होती.

मुखियाच्या सात शेळ्या एका आठवड्यात मेल्या होत्या. हे चेटूक कुणाचं, ते मूर्ती सांगणार होती: ज्याच्या खिळ्याला रक्त येईल, त्याचं. मूर्ती दोनशे वर्षांची असून जंगलातून आपल्या पायांनी चालत आली, असं म्पासी बेधडक सांगत होता. मुखियाच्या मेव्हण्याने खिळा ठोकला, मीठवाल्याने ठोकला, पण काही झालं नाही. मग म्पासीने मूर्तीच्या पोटावर खडूचा ठिपका दाखवून विधवा बुआंगाच्या हाती हातोडा दिला. तिच्या खिळ्याभोवती लाल ओघळ उतरला तशी गर्दी चार पावलं मागे सरली. सूर्य मावळण्याआधी गाव सोड, असं मुखियाने तिला बजावलं.

तिचा दीर माकोसो चाळीस वर्षं मूर्ती कोरत आला होता. त्याने मूर्तीच्या पाठीवरून हात फिरवला, तर बोटं काळी झाली. दोनशे वर्षांची म्हातारी आणि काजळ अजून ओलं! त्याचं डोकं सणकलं.

"मुखिया, खिळ्याची जागा कोण निवडतं?" त्याने विचारलं. "शब्द ज्याचा, जागा त्याची. हीच आपली रीत ना?"

म्हाताऱ्यांना आठवलं: खिळा ठोकून शब्द देणाराच जागा निवडायचा. गावाची खरी मूर्ती गोऱ्यांनी उचलून नेली, तेव्हापासून ही रीतही विस्मरणात गेली होती. बुआंगाने दुसरा खिळा मूर्तीच्या मांडीत ठोकला. टिपूससुद्धा आलं नाही.

"आता तू ठोक," माकोसो मुखियाला म्हणाला. "छातीवर आणखी एक ठिपका आहे बघ."

"ती जागा उद्यासाठी आहे," म्पासी घाईने म्हणाला, आणि शेंगदाणेवाल्यासुद्धा हसल्या. मुखियाने इरेला पेटून खिळा हाणला. त्याची बोटं लाल झाली आणि चेहरा पांढरा पडला.

माकोसोने पटाशी लावून छाती फोडली. आत पोकळी होती, वर मेणाचं बूच होतं आणि मधे ताडाच्या तेलात कालवलेली लाल लाकडाची भुकटी. लग्नात अंगाला फासायची ती भुकटी बायांनी वासावरूनच ओळखली. म्पासीने काढता पाय घेतला, पण पोरांनी त्याची वाट अडवली.

"आपले म्हातारे खिळे ठोकत, ते दोघांत ठरलेलं कुणी विसरू नये म्हणून," माकोसो म्हणाला. "लाकूड साक्षीला असतं. डोकं आपणच चालवायचं. मुखिया, तुझ्या अंगणात कडू कसावाच्या कंदांच्या सालांचा ढीग पडलाय. न भिजवलेली ती विषारी सालं तू खाशील का? शेळ्यांनी खाल्ली."

बुआंगाने हातोडा उचलून मुखियापुढे धरला.

"मग आता माझ्याशी ठरव," ती म्हणाली. "शेळी मेली की आधी गोठा बघशील, मग माझं दार."

मुखियाने त्याच फुटक्या मूर्तीच्या खांद्यात खिळा ठोकला. सगळं गाव वाकून पाहत होतं. रक्त आलं नाही, आणि ते यावं असं कुणाला वाटलंही नाही.