झिरोमास्तर

"अहो, आता थांबा की! पहिला नंबर कधीच आलाय तुमचा," बाई म्हणाल्या आणि काजाचा टाका अर्ध्यावर सोडून टीव्हीकडे बघत राहिल्या.

शिंपीमास्तरांनी मान हलवली, पण नजर काढली नाही. पडद्यावर परग्रहावरची यानं रांगेने खाली उतरत होती आणि मास्तरांची तोफ त्यांना टिपत होती. रविवारची दुपार होती. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. टीव्हीला जोडायचा हा डबा मुलीने आणला होता. त्यात जुन्या गेमच्या दुकानातला तोच खेळ जसाच्या तसा होता. जाण्यापूर्वी तिने स्वतः एक्केचाळीस हजार करून यादीत सगळ्यांत वर आपल्या नावाची तीन अक्षरं टाकली होती. "मोडून दाखवा, बाबा," असं बजावून ती गेली होती.

आता मास्तरांचे ब्याण्णव हजार झाले होते आणि बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

कारण त्यांच्या संसाराला एक शून्य चिकटलेलं होतं. लग्नानंतर वर्षभरातच मास्तर एका संध्याकाळी गेमच्या दुकानातून पडेल चेहऱ्याने घरी आले. म्हणाले, "लाख केले गं. पण मशीनला पाचच आकडे दाखवता येतात. लाख झाले आणि सगळे शून्य झाले." बरोबरची मंडळी तेवढ्यात चहाला गेली होती. परत येऊन बघतात तर डाव संपलेला आणि गुण दोनशे दहा. यादीत वर होता तो चौकातला न्हावी, चौसष्ट हजारांवर. त्याने तिथल्या तिथे बारसं केलं: झिरोमास्तर. गावभर तेच नाव झालं. मास्तर हसून ओ द्यायचे. बाई मात्र प्रत्येकाला ठणकावायच्या, "मास्तर म्हणा." आणि मनातून त्यांनाही वाटायचं की नवरा हरला असेल, नव्या बायकोपुढे काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं असेल. हे त्यांनी कधी तोंडावर येऊ दिलं नाही, एवढंच.

"...बारा, तेरा, चौदा," मास्तर पुटपुटले आणि त्यांनी गोळी रोखून धरली. पडद्याच्या वरच्या कडेने लाल तबकडी निघाली. पंधरावी गोळी सुटली. तीनशे गुण!

"हे काय मोजता हो तुम्ही? शिलाई मशीनवर बसल्यावरसुद्धा मोजत असता. मला वाटायचं टाके मोजताय."

"टाके कशाला मोजू? त्याची हाताला सवय झालीय. ही तबकडी कधी पन्नास देते, कधी शंभर. सगळ्यांना वाटायचं नशीब. नशीब कसलं? आपण गोळ्या किती झाडल्या त्यावर आहे ते. पंधराव्या गोळीला टिपली की तीनशे. शिवताना मोजत राहायचो, ताल सुटू नये म्हणून."

बाईंना आठवलं, मध्यंतरी शेजाऱ्यांकडेही असा एक डबा आला होता. त्यात आकडे सहा होते आणि तबकडीचे गुण कायम सारखेच. मास्तर एक डाव खेळून उठले होते. "चित्रं तीच आहेत, हिशोब तो नाही," एवढंच म्हणाले होते. तेव्हा बाईंना वाटलं होतं, नाचता येईना त्यातला प्रकार.

नव्व्याण्णव हजार आठशे दहा. मास्तरांचा अंगठा थरथरत होता. गेल्या वर्षापासून कात्री धरतानाही तो असाच थरथरायचा. म्हणून कापड बेतायचं काम त्यांनी सोडलं होतं.

"आता हरा बघू मुद्दाम," बाई कळवळून म्हणाल्या. "नाव लागू दे वर. लेक बघेल, न्हाव्यालाही बोलावून दाखवू. पुसून टाकू एकदाचं ते शून्य!"

"थांबलो तर नाव लागेल," मास्तर म्हणाले. "पण मग तुला दिसणार नाही."

बाईंनी हातातलं काज खाली ठेवलं. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं तर, इतकी वर्षं!

लाल तबकडी निघाली. बाई आता मोठ्याने मोजू लागल्या. "तेरा... चौदा... मारा!"

पडद्यावरचे नऊ एकदम नाहीसे झाले. शून्य, शून्य, एक, एक, शून्य. पुढचा लाखाचा एक कुठेच नव्हता. पण बाईंना तो लखलखीत दिसला. त्यांचे डोळे भरून आले. "खरंच की हो," त्या म्हणाल्या. "खरंच होतं की हो सगळं!"

मास्तरांनी हातातलं बटणाचं खेळणं मांडीवर ठेवलं. यानं सावकाश खाली आली. डाव संपला, यादी आली. सगळ्यांत वर लेकीची तीन अक्षरं तशीच होती.

संध्याकाळी तिचा फोन आला, मास्तरांनी तो स्पीकरवर टाकला. "काय बाबा, मोडला का माझा स्कोर?"

"कुठला गं! तूच आहेस वर."

"बघितलंस ना आई!"

"बघितलं हो," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी म्हातारा न्हावी पँट आखूड करायला घेऊन आला आणि नेहमीसारखा दारातूनच ओरडला, "झिरो आहे का घरात?"

काजं करणाऱ्या बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"आहेत की. बसा," त्या म्हणाल्या आणि आत वळून हाक मारली, "अहो झिरोमास्तर, कोण आलंय बघा!"

न्हावी पँट हातात धरून बसायचं विसरून गेला. बाईंनी सुईत दोरा ओवला आणि पुढचं काज घातलं.