खाटेचा चौथा पाय

आमच्या पाचपावलीच्या घरात एक खाट आहे. तिचे तीन पाय सागवानाचे आणि चौथा बाभळीचा. बसलं की डुगडुगते. येणारे-जाणारे हसतात, सुताराच्या घरची खाट आणि ही अशी. मी कधी कोणाला काही सांगितलं नाही. आता सांगते, कारण ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगून झालं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण गोष्ट कळावी म्हणून एकदाच घेते. देवाजी. रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं. चौसष्ट साली माझ्या धाकट्या बहिणीला, सिंधूला, मुलगा झाला आणि त्याच महिन्यात तिला क्षय निघाला. तिचा नवरा मनोहरराव भिवापूरला शाळामास्तर. सतरा दिवसांचं पोर त्यांनी माझ्या ओटीत आणून ठेवलं आणि म्हणाले, "सिंधू बरी होईपर्यंत सांभाळा." सिंधूला बरं व्हायला तीन वर्षं लागली.

तीन वर्षं हेमराज माझा होता. मला तो माय म्हणायचा आणि यांना देजी. पूर्ण नाव म्हणता येत नव्हतं म्हणून देजी. हे कारखान्यातून आले की अंगणात रंधा घेऊन बसायचे, लोकांची फुटकळ कामं करायचे, आणि हेमू यांच्या पायाशी बसून लाकडाच्या ढलप्या अंगावर पाडून घ्यायचा. लाकूड चिकटवायचा सरस उकळायला लागला की त्याचा असा वास सुटतो की शेजारीण खिडकी लावून घेते. हेमूला तो वास आवडायचा. भांड्याजवळ नाक नेऊन हसायचा.

सहासष्टच्या तान्ह्या पोळ्याला गल्लीतली सगळी पोरं आपापले लाकडी बैल घेऊन घरोघर जाणार, बोजारा म्हणून खाऊ-पैसे आणणार. हेमूजवळ बैल नव्हता. बाजारात आंब्याच्या लाकडाचे मिळत होते, पण यांना ते पटेना. घरात सागवानाचा चांगला तुकडा नव्हता. यांनी काय करावं? आमच्या लग्नातल्या खाटेचा एक पाय काढला आणि त्याचा नंदी कोरला. आठ दिवस लागले. खाटेला बाभळीचा पाय ठोकला आणि म्हणाले, "पुढं बदलू." मी चिडले होते. पण हेमू तो नंदी दोरीनं ओढत निघाला तेव्हा मीच गल्लीच्या टोकापर्यंत मागे मागे गेले.

मनोहरराव महिन्यातून एकदा गाडीनं येत. त्यांना पाहिलं की हेमू किंचाळून माझ्या लुगड्यात शिरायचा. चष्मा होता ना, त्या चष्म्याला भ्यायचा. सिंधू बरी व्हायला लागली तशी तिची सासू प्रयागबाई मुद्दाम नागपूरला आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरगं सख्ख्या बापाले ओळखत नाही. चैत्रात नेणार आहो त्याले. काहीतरी कर वं, नाही तं रडून रडून मरन."

मी केलं. मला वाटलं, पोराला जड जाऊ नये. त्याच्याजवळ त्याच्या जिवाची एकच वस्तू होती, तो नंदी. मी त्यालाच धरलं. रोज दुपारी हेमूला मांडीवर घ्यायचे आणि विचारायचे, "हा नंदी कोणं केला?"

"देजीनं," तो म्हणायचा.

"नाही राजा. चष्मेवाल्या बाबानं केला. इथंच अंगणात बसून केला. तुह्या पायावर ढलप्या पडत होत्या, आठवते ना? कोणं केला?"

बाबानं म्हटलं की गुळाचा खडा. देजीनं म्हटलं की खडा नाही. दोन महिने मी हे केलं. एक दिवस मी काही विचारलंही नाही, गूळही दाखवला नाही, आणि तो नंदीला थोपटत आपला आपणच बोलला, "चष्मेवाल्या बाबानं केला." हे दारात बसून पटाशीला धार लावत होते. धार लावायचे थांबले नाहीत. त्या दिवशी जेवले मात्र नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "बरोबर केलं तू. त्याले तिथंच राहायचं आहे."

चैत्रात त्याला नेलं. बाबाचं बोट धरून गेला, बगलेत नंदी. जाताना प्रयागबाईनं बजावलं, "वर्षभर तोंड दाखवू नका. लळा तुटू द्या." आम्ही मुकाट्यानं ऐकलं. आम्ही ऐकणारी माणसं. वर्षानं भिवापूरला गेलो तर हेमू सिंधूमागे लपला आणि तिला विचारू लागला, "आई, हे कोण आहे?" त्यानंतर हे भिवापूरला कधी गेले नाहीत. सिंधू दरवर्षी मिरच्या पाठवायची. आम्ही वर्षभर खायचो.

तरी यांचा एक हट्ट होता. म्हणायचे, "आतमधी कुठंतरी असनच वं. तीन वर्षं काय पुसून जाते का? एक दिवस त्याले आपसूक आठवन." नोकरी संपली, छाती भरली, चार पावलं चाललं की धाप लागायची, तेव्हा तर यांना दुसरं काही नकोच होतं. औषध वेळेवर घ्या म्हटलं तर म्हणायचे, "त्याले एकदा आठवू दे, मंग पाहू."

चौऱ्याऐंशी साली तो आला. नागपूरलाच डॉक्टरकी शिकत होता, दुसऱ्या वर्षाला. दीड वर्ष गावात राहून त्याला मावशीकडे यायला फुरसत झाली नव्हती. शेवटी सिंधूनं मिरच्यांचा डबा त्याच्या हाती दिला म्हणून आला. उंच, गोरा, बापासारखाच चष्मा. पाया पडला आणि त्याच खाटेवर यांच्याजवळ बसला. यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ केवढी झाली ते जणू मोजून पाहत होते.

मी चहा ठेवला. यांनी धीर करून विचारलं, "हेमराज, लहानपणी तू इथं राहत होता. काही याद आहे का गा?"

"आई सांगते," तो म्हणाला. "पण मावसाजी, तीन वर्षांच्या आतलं कोणालेच आठवत नाही. आठवण धरून ठेवणारा मेंदूचा भाग तेव्हा कच्चा असते. अन् पोराजवळ शब्दही नसतात पुरते, मंग बांधून ठेवन कशात? सगळ्याच पोरांचं असं होते. त्यात कोणाचीच चूक नसते."

यांनी मान हलवली. ती मान मला पाहवेना.

"पण मले एक गोष्ट आठवते," हेमराज म्हणाला. "मी आमच्या सरांना सांगितली, तं ते म्हणाले एवढ्या लहानपणचं आठवणारे फार कमी."

हे उठून बसले. उशीला टेकायचंही विसरले.

"माह्याजवळ एक लाकडी नंदी होता. अजून आहे घरी, कपाटात. तो तयार होत होता ते मले लख्ख दिसते. मी खाली बसून आहो, माह्या पायावर ढलप्या पडून राहिल्या आहे. बाजूले काहीतरी उकळून राहिलं, त्याचा घाण वास. पण मले तो आवडून राहिला. अन् बाबा रंधा मारून राहिले."

स्वयंपाकघराच्या दारात माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला.

"बाबा?" यांनी विचारलं. "चेहरा दिसते का तुले त्याच्यात?"

"दिसते ना. चष्म्यावर भुसा उडला होता. बाबानं धोतराच्या सोग्यानं पुसला."

मनोहररावांना जन्मात एक खिळा सरळ ठोकता आला नाही. भिंतीवर कॅलेंडर लावायलासुद्धा शेजाऱ्याला बोलवायचे. मला राहवलं नाही. मी पुढे झाले आणि सगळं सांगितलं. नंदी कोणी केला, कशाचा केला, गूळ कोणी चारला, वाक्य कोणाचं होतं. सांगताना माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला.

हेमराजनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रोग्याचं ऐकतात तसं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मावशी, आठवण म्हणजे फोटो नसते. माणूस जेव्हा जेव्हा आठवते, तेव्हा मेंदू ती नव्यानं जुळवते. मनात एखादी आस असली का ती त्याच्यात मिसळते, अन् माणसाले ते खरंच वाटते. वय झालं का तं जास्तच. तुमी मले सांभाळलं, ते खरंच आहे. त्याचं मोल मले आहे."

मी यांच्याकडे पाहिलं. आता तरी बोला. सतरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर बसलं आहे.

"तिचं मनावर घेऊ नको गा," हे म्हणाले. "मनोहररावांनीच केला होता नंदी. हात चांगला होता त्यांचा."

माझा जीव जळून गेला. मी चहा पुढे केला.

तो निघायला उठला तशी खाट डुगडुगली. त्यानं वाकून खाली पाहिलं. "मावसाजी, तुमी सुतार, अन् खाटेचा एक पाय वेगळाच?"

"सागवान भेटलं नाही तेव्हा," हे म्हणाले.

हेमराज हसला. वहीतला एक कागद फाडून त्यानं त्याची चौपदरी घडी केली, बाभळीच्या पायाखाली सारली आणि खाट दाबून पाहिली. "आता नाही हालणार," म्हणाला, पाया पडला आणि गेला.

मी दार लावलं आणि यांच्यावर तुटून पडले. "खोटं काहून बोलले तुमी? माह्याच तोंडावर मले खोटं पाडलं?"

हे धापा टाकत उशीला टेकले. मग म्हणाले, "त्याच्या बापाले त्याच्यातून काढून मी कुठं जाऊन बसू वं? अन् ढलप्या आठवल्या त्याले. सरस आठवला. तो रंधा माह्याच हातात होता ना?"

यांना तेवढं पुरलं. पौषात गेले ते तेवढ्यावरच गेले. मला नाही पुरलं. यांचे हात तरी त्या आठवणीत राहिले, चष्म्याआड का होईना. मी तर तिच्यात कुठेच नाही, आणि तिच्यातला चष्मेवाला बाबा मीच गूळ चारून तिथे बसवला होता.

त्याच दिवशी मी वाकून तो कागद काढला आणि चुलीत घातला. खाट अजून डुगडुगते. मी तिच्यावरच झोपते.