चव्वेचाळिसावी जागा

हसू नका मित्रांनो, मी जुना, जेमतेम अकरा ओळींचा प्रोग्रॅम आहे. लांबलचक यादी माझ्यापुढे ठेवा. त्यातली प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा कुठे आली, ती जागा मी सांगतो. पाव, ऑलिव्ह, पाव, चीज अशी यादी दिली, तर मी एक, दोन, चार म्हणतो. तिसऱ्या जागेवरचा पाव पुन्हा आलेला, म्हणून तो सोडून देतो. मला एवढंच येतं.

मला लिहिलं कालिरोईनं. ती आमच्या बेटाच्या नगरपालिकेत कारकून. लस टोचलेल्या शेळ्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे दुबार आकडे मी गाळून दिले, तेव्हा ती म्हणाली होती, "लेका, तू नसतास तर माझे डोळे फुटले असते." मी हरखून गेलो होतो. आता ते आठवलं की लाज वाटते.

ऑगस्टमध्ये डोंगरावरच्या पाइनच्या रानाला आग लागली. ज्यांना चालवत नाही त्यांना गाड्यांनी बोटीच्या धक्क्यावर आणायचं होतं. दवाखान्याची यादी, पाद्रीबाबांची यादी, औषधवाल्याची यादी, सगळ्या कालिरोईनं एकाखाली एक जोडल्या. एकसष्ट नावं झाली. पाद्रीबाबांच्या यादीत वडिलांची नावं नव्हती, म्हणून घाईत तिनं तो रकानाच काढून टाकला.

आमच्याकडे थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात. तीन भाऊ असले तर तिघांच्या घरी एकाच नावाची पोरं. नवव्या जागेवर अर्गिरिस कालुदिस होता, मिखालीचा मुलगा, राहणार खालची आळी. चव्वेचाळिसाव्या जागेवरही अर्गिरिस कालुदिस होता, पांदेलीचा मुलगा, राहणार वरची वस्ती. मला नावांचा रकाना तेवढा दिला होता, पत्त्यांचा नाही. मी चव्वेचाळीस सोडून दिलं आणि अडतीस जागा सांगितल्या.

अडतीस घरी गाड्या गेल्या. धक्क्यावर कालिरोईनं अडतीस नावं वाचली, अडतीस जणांनी हात वर केले. तिला हायसं वाटलं. मग खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या अर्गिरिसनं विचारलं, आमचा पांदेलीचा कुठं दिसत नाही?

"काका, अर्गिरिस कालुदिस वाचलं की मी. तुम्हीच हात वर केलात."

"माझं वाचलंस गं पोरी. त्याचं कधी वाचलंस?"

तोवर वरच्या वस्तीच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी आग आली होती. दवाखान्यातल्या नर्सनं सकाळीच त्याला फोन करून सांगितलं होतं, गाडी येतेय, घरातच थांबा. तो थांबला. दोन दिवसांनी वाट मोकळी झाली, तेव्हा तो दारातच सापडला.

चौकशीला आलेले साहेब म्हणाले, कॉम्प्युटर चुकला. कालिरोई म्हणाली, "नाही. मी सांगितलं तेच त्यानं केलं." त्यानंतर तिनं मला कधी उघडलं नाही, पुसूनही टाकलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याला माणसांची यादी द्याल, तर मी जे गाळलं तेही एकदा मोठ्यानं वाचा. त्या दिवशी तेवीस नावं होती. वाचायला एक मिनिटही लागलं नसतं. माझ्या भरवशावर राहू नका. मी काहीच शिकलेलो नाही. तीच यादी आज पुन्हा दिलीत, तर मी पुन्हा चव्वेचाळीस सोडून देईन.